वाचकांचे प्रश्न : जिवाणूची भिंत कोण उसवतं?

जिवाणूंच्या पेशीभित्तिकेबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. ती वेगवेगळ्या अंकांत विखुरण्यापेक्षा एकत्र घेते, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागतं.

प्रश्न : नातवाच्या पुस्तकात वाचलं, की अश्रूंमध्ये लायसोझाइम नावाचं विकर असतं आणि ते जंतू मारतं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञानाशी संबंध नाही. पण एक प्रथिन दुसऱ्या जिवाला मारतं म्हणजे नेमकं काय करतं? आणि हे कुणी डोळ्यांनी पाहिलं आहे का?
— निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : बाई, ‘नेमकं काय करतं’ असं तुम्ही विचारलंत, याचा मला फार आनंद झाला. ‘जंतू मारतं’ या दोन शब्दांवर पुस्तकं थांबतात आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

जिवाणूच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं यांची इतकी दाटी असते, की बाहेरचं पाणी सतत आत शिरू पाहतं. त्याने आतला दाब वाढतो. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे वीसपट भरतो. पेशीचं नाजूक पटल तो एकट्याने सोसू शकत नाही, म्हणून पटलाबाहेर पेप्टिडोग्लायकनची एक जाळी असते. तिचे लांब धागे साखरेचे. एनएजी आणि एनएएम अशा दोन साखरा एकाआड एक जोडलेल्या. शेजारशेजारच्या धाग्यांना आडवे बांधणारे दुवे अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनं ज्या लहान रेणूंची बनतात त्यांचे. ही जाळी संपूर्ण जिवाणूभोवती सलग असते, म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो एकच अवाढव्य रेणू झाला. लायसोझाइम त्यातले साखरेचे धागे कापतं, आणि तेही एनएएम संपून एनएजी सुरू होते त्या जोडावरच. पुरेसे धागे तुटले की पटल त्या भगदाडातून बाहेर फुगतं आणि पेशी फुटते. जिवाणू मरतो तो स्वतःच्याच दाबाने.

हे विकर अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये सापडलं. वर्ष १९२१, म्हणजे पेनिसिलीनच्या सात वर्षं आधी. सर्दीच्या शेंबडाचा थेंब ज्या पिवळ्या जिवाणूच्या वाढीवर पडला, तिथले जिवाणू विरघळून गेले. मग त्यांनी लाळ, दूध, अंड्याचा पांढरा भाग, सगळं तपासलं. अश्रू हवे असत तेव्हा सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळला जाई. सर्वात श्रीमंत साठा निघाला तो कोंबडीच्या अंड्यात: पांढऱ्या भागातल्या प्रथिनांपैकी सुमारे साडेतीन टक्के लायसोझाइम असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पाहण्याचा. प्रथिनाचा रेणू प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, कारण प्रकाशाची लहर त्याच्यापेक्षा कितीतरी लांब असते. क्ष-किरणांची लहर अणूंमधल्या अंतराएवढी आखूड असते. म्हणून प्रथिनाचा स्फटिक तयार करतात, त्यात कोट्यवधी रेणू एकसारखे रांगेत बसतात, आणि त्यावर क्ष-किरण सोडतात. पलीकडे उमटलेल्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने अणूंच्या जागा काढायच्या. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली अंड्यातल्या लायसोझाइमची रचना अशी काढली. बारकावा दोन अँगस्ट्रॉमचा. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्याआधी मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन दिसले होते, पण ते ऑक्सिजन धरणारे, वाहणारे रेणू. क्ष-किरणांनी दिसलेलं पहिलं विकर हेच.

आणि काय दिसलं! १२९ अमिनो आम्लांची साखळी घड्या घालून बसलेली, आणि तिच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत खोल खाच. फिलिप्स यांची विद्यार्थिनी लुईझ जॉन्सन हिने साखरेचे छोटे तुकडे स्फटिकात भिनवून ते त्या खाचेत कुठे बसतात हे शोधलं. तीन साखरा खाचेच्या वरच्या भागात स्पष्ट दिसल्या. खाच मात्र तेवढ्यावर संपत नव्हती, खाली आणखी तीन साखरा मावतील एवढी जागा होती. तिथे त्यांनी साखळी मॉडेलमध्ये हाताने पुढे बांधत नेली. सहा जागा झाल्या, ए ते एफ. चौथ्या आणि पाचव्या साखरेमधला बंध बरोबर दोन अमिनो आम्लांच्या मध्ये येत होता: एका बाजूला ३५व्या क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल, दुसऱ्या बाजूला ५२व्या क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल. साखळीत ही दोघं एकमेकांपासून लांब, पण घडी पडली की समोरासमोर येतात. ३५वं आम्ल आपला प्रोटॉन बंधाला देऊन तो तोडतं. ५२वं तुटलेल्या साखरेला सावरून धरतं, पाण्याचा रेणू येऊन काम पुरं करेपर्यंत. एखादं विकर काम कसं करतं हे अणूंच्या पातळीवर सांगता येण्याची ही पहिली वेळ. इतक्या वर्षांनंतरही ते चित्र वर्गात फळ्यावर काढताना माझा आवाज चढत असे.

त्यात एक दुरुस्ती पुढे झाली. ५२वं आम्ल साखरेला केवळ विद्युतभाराने सावरतं, असं फिलिप्स यांचं मत होतं. ते साखरेशी काही क्षण खराखुरा रासायनिक बंध जोडतं, हे २००१ मध्ये स्फटिकातच दाखवलं गेलं. त्यासाठी साखरेत फ्लोरिन घालून आणि ३५व्या जागेचं आम्ल बदलून ती क्रिया मधेच अडवावी लागली. पाठ्यपुस्तकांत छत्तीस वर्षं नांदलेलं स्पष्टीकरण बदललं, आणि त्यासाठी प्रमाण म्हणून पुन्हा स्फटिकच पुढे आला. मला यात विज्ञानाचा फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

प्रश्न : माझं औषधाचं दुकान आहे. अ‍ॅमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडच्या गोळ्या रोज जातात. पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं जिवाणूची भिंत तोडतात, असं डी. फार्म.ला शिकलो. मग लायसोझाइम आणि ही औषधं एकच काम करतात का? आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड सोबत कशाला?
— एक औषधविक्रेते, इचलकरंजी

उत्तर : एकच काम नाही, आणि हा फरक तुमच्यासारख्या रोज गोळी हातात देणाऱ्याला माहीत असलाच पाहिजे. पेनिसिलीन भिंत तोडत नाही. ते भिंत जोडणाऱ्याचे हात बांधतं. तोडण्याचं काम जिवाणू स्वतः करतो.

असं का? जिवाणू वाढतो, लांब होतो, मधोमध दुभंगतो. पण त्याच्याभोवतीची जाळी सलग आहे. वाढत्या मुलीचं पोलकं घट्ट झालं की आई शिवण उसवून मध्ये कापडाची पट्टी जोडते, तसंच इथे करावं लागतं. जुने दुवे कापायचे, नवे धागे घालायचे, लगेच बांधून टाकायचं. म्हणून प्रत्येक जिवाणू स्वतःची भिंत कापणारी विकरं स्वतःच बनवतो. कापणं आणि जोडणं यांचा तोल सांभाळला तर वाढ, सुटला तर मरण. पेनिसिलीन जोडणाऱ्या विकरांना निकामी करतं आणि कापणारी विकरं चालूच राहतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अलेक्झांडर टोमाझ यांच्या गटाने १९७० मध्ये असे न्यूमोकॉकस जिवाणू दाखवले, ज्यांची स्वतःची भिंत कापण्याची यंत्रणा दबलेली होती. पेनिसिलीन दिल्यावर त्यांची वाढ थांबली, पण ते फुटले नाहीत. वाढ थांबलेल्या जिवाणूंवर पेनिसिलीनचा जोर का चालत नाही, तेही यावरून उमजतं: जिथे बांधकामच बंद, तिथे ते बिघडवणार काय?

आता हात कसे बांधतं ते पाहू. जोडणाऱ्या विकराच्या गाभ्यात सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं. आडव्या दुव्याच्या टोकाला डी-अ‍ॅलनीनची जोडी असते. सेरीन त्या जोडीमधला बंध तोडतं, शेवटचं अ‍ॅलनीन सोडून देतं, आणि उरलेलं टोक शेजारच्या धाग्याच्या स्वाधीन करतं. पेनिसिलीनची रचना १९४५ मध्ये ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनीच काढली आणि त्यात चार अणूंचं ताणलेलं कडं निघालं. अनेक नामवंत रसायनशास्त्रज्ञांना ते मान्य नव्हतं. वीस वर्षांनी, १९६५ मध्ये, टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी सांगितलं, की या कड्याचा आकार डी-अ‍ॅलनीनच्या जोडीसारखा आहे. विकर फसतं. सेरीन कडं फोडतं, पण फुटलेलं पेनिसिलीन सुटून जात नाही, तिथेच चिकटून राहतं आणि शेजारच्या धाग्याला जागाच उरत नाही. आपल्या पेशींना अशी भिंत नाही आणि आपली प्रथिनं ‘डी’ रूपाच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या एल-अमिनो आम्लांची बनतात, त्यामुळे ज्याला अ‍ॅलर्जी नाही अशा माणसाला हे औषध इतकं सोसतं.

जिवाणूकडे यावर उतारा आहे. बीटा-लॅक्टमेज नावाच्या विकरांच्या मोठ्या गटातही तसंच सेरीन असतं, पण तिथे पाण्याचा एक रेणू अशा नेमक्या जागी धरलेला असतो, की चिकटलेलं पेनिसिलीन चटकन सुटून निकामी होतं. म्हणजे एक विकर पेनिसिलीनमुळे अडकतं आणि त्याच घडणीचं दुसरं पेनिसिलीनलाच संपवतं. फरक एका पाण्याच्या रेणूच्या जागेचा! ही विकरं आहेत हे अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं, औषध म्हणून पेनिसिलीन रुळण्याच्याही आधी. क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड या बीटा-लॅक्टमेजला अडकवून ठेवतं, तेवढ्यात अ‍ॅमॉक्सिसिलीन आपलं काम उरकतं. पण गाभ्यात सेरीनऐवजी जस्त असलेल्या बीटा-लॅक्टमेजवर ते चालत नाही. एमआरएसएवरही, म्हणजे मेथिसिलीन या पेनिसिलीनच्या भावंडाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवरही, ही जोडगोळी उपयोगी नाही, कारण तिथली युक्ती वेगळी आहे. तो जिवाणू पीबीपी-२ए नावाचं जोडणारं विकर बाळगतो. त्याची रचना २००२ मध्ये कॅनडात निघाली, तेव्हा दिसलं की त्याच्या गाभ्यातलं सेरीन आत दडलेलं आहे आणि पेनिसिलीनला तिथवर सहज पोहोचता येत नाही.

म्हणून कळकळीची विनंती: चिठ्ठी नसताना, ‘सर्दी आहे, दोन गोळ्या द्या’ म्हणणाऱ्याला ही पाकिटं देऊ नका. सर्दी विषाणूंची, त्यांना ही भिंतच नाही. गोळी मात्र पोटातल्या साध्या जिवाणूंतून प्रतिकार करणारे तेवढे निवडून मागे ठेवते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते, कारण ती आपल्या दारातली आहे. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना, पेनिसिलीन तिथे १९५५ पासून बनू लागलं. बुरशी वाढवायला मक्याचा आंबूस अर्क वापरत, त्याचा वास वडिलांच्या शर्टाला असे. अ‍ॅमॉक्सिसिलीनसारखी औषधं बनवायची तर पेनिसिलीनची शेपटी कापून मधला गाभा मोकळा करावा लागतो. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एक म्हणजे पेनिसिलीन व्ही असायलेज. त्याची रचना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि इंग्लंडमधल्या यॉर्कच्या संशोधकांनी मिळून १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. हे विकर कापतं ते साखळीतल्या अगदी पहिल्या अमिनो आम्लाने, सिस्टीनने. तो निबंध हातात आला तेव्हा पहिल्यांदा वडिलांना नेऊन दाखवला.

प्रश्न : अंड्याच्या पांढऱ्यात लायसोझाइम असतं, तर तो जखमेवर लावला तर चालेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : लावू नका. कच्च्या अंड्यावर साल्मोनेला असू शकतो. साल्मोनेला आणि ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या जाळीबाहेर आणखी एक पटल असतं, त्यातून लायसोझाइम सहसा आत जात नाही. जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर आपल्या भिंतीतल्या एनएएम साखरेला अ‍ॅसिटाइलचा एक गट लावून ठेवतो, आणि मग ती साखर लायसोझाइमच्या खाचेत नीट बसतच नाही. साबण-पाण्याने जखम धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्या वाडीभोवती वानरांच्या टोळ्या असतात. नुसता पाला खाऊन ही एवढी धष्टपुष्ट कशी राहतात? तुमच्या विषयातला प्रश्न नाही, तरी विचारतो.
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : दादा, अगदी माझ्या विषयातला आहे. पाल्यातला सेल्युलोज वानराला पचवता येत नाही. त्याच्या जठराच्या पुढच्या मोठ्या कप्प्यात जिवाणू राहतात, ते पाला आंबवतात. गाईच्या कोठ्यातही हेच चालतं. पुढे हे जिवाणू अन्नासोबत जठराच्या आम्लाच्या भागात वाहत येतात आणि वानर त्यांनाच पचवतं. पण त्यांची भिंत आधी फोडायला हवी. ते काम लायसोझाइमचं.

अडचण अशी, की अश्रूंतलं लायसोझाइम जठरातल्या आम्लात आणि प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनच्या माऱ्यात टिकणार नाही. गाईच्या जठरात टिकाऊ रूप तयार झालं. आपल्याकडच्या वानराच्या जठरातही झालं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या संशोधकांनी दोन्हींची अमिनो आम्लं एकाखाली एक मांडली, तेव्हा काही नेमक्या जागी गाय आणि वानर यांच्यात एकसारखे बदल निघाले. वानराचं नातं माकडांशी आणि माणसाशी, गाईशी नव्हे. तरीही एकाच कामासाठी दोघांकडे स्वतंत्रपणे तेच बदल घडले. उत्क्रांती रेणूच्या पातळीवर कशी दिसते, याचा इतका सुंदर पुरावा मला दुसरा माहीत नाही. तुमच्या झाडावर बसलेल्या टोळीच्या पोटात तो आहे.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. जैवरसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला स्ट्रक्चरल बायोलॉजी करायची आहे. पण सगळे म्हणतात, अल्फाफोल्ड आलं, आता रचना संगणक सांगतो, स्फटिक कोण करणार? या क्षेत्रात काम उरलं आहे का? आमच्या कॉलेजात क्ष-किरणांचं यंत्र नाही.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बाळा, काम भरपूर उरलं आहे. अल्फाफोल्ड ही मोठीच गोष्ट आहे. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा त्याबद्दल हसाबिस आणि जंपर यांना मिळाला, तो योग्यच होता. पण ते शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेत १९७१ पासून साठत आलेल्या, माणसांनी प्रयोगशाळेत काढलेल्या रचनांवर. शिवाय घडी कळली म्हणजे काम कळलं असं होत नाही. वर वाईच्या बाईंना सांगितलेला तो क्षणभराचा बंध घडीच्या अंदाजातून कुणाला मिळाला नसता. त्यासाठी क्रिया अडवून पाहावी लागली.

दुसरं, प्रश्न कुठून येतो हेही महत्त्वाचं. ई. कोलायची भिंत वाढताना आडवे दुवे नेमकं कोण कापतं, हे कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. ते शोधलं हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत मंजुळा रेड्डी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, २०१२ मध्ये. एमईपीएस, एमईपीएम, एमईपीएच अशी तीन विकरं. तिन्ही काढून टाकली तर जिवाणूच्या भिंतीत नवा धागा जाऊ शकत नाही, तो मरतो. वाढायला आधी कापावं लागतं, याचा हा थेट पुरावा, आणि तो मिळाला जनुकशास्त्राच्या शांत, चिकाटीच्या कामातून. २०१९ चं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळालं तेव्हा मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेकाला फोन केले होते.

मग पुढचा प्रश्न आला: अशी धारदार विकरं पेशीत मोकाट कशी सोडायची? त्याच गटाने २०१५ मध्ये दाखवलं, की एनएलपीआय आणि पीआरसी ही दोन प्रथिनं मिळून एमईपीएसचा सतत फडशा पाडत असतात, म्हणून ते हवं तेवढंच उरतं. इथे स्फटिकशास्त्र आलं. तैवानमधल्या एका गटाने २०१७ मध्ये या जोडीची रचना काढली: पीआरसी वाडग्यासारखं खोलगट, आणि एनएलपीआय त्याला धरून एमईपीएस आत पोहोचवणारं. कोण कुणाला कुठे धरतं, किती वेळ धरतं, हे प्रत्येक जिवाणूत वेगळं असणार. क्षयाच्या जिवाणूत काय चालतं? तिथली भिंत आणखी गुंतागुंतीची. या प्रश्नांवर काम करायला माणसं हवी आहेत, आणि आपल्या देशाला तर फारच.

यंत्र नाही म्हणून थांबू नकोस. लायसोझाइम विकत मिळतं, महाग नाही. ते आम्लधर्मी अ‍ॅसिटेट बफरमध्ये विरघळव, साधं मीठ मिसळ, काचेच्या झाकणीवर थेंब उलटा टांग आणि खाली जास्त मिठाचं द्रावण ठेव. एक-दोन दिवसांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसतील. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलामुलींनी ते पाहिलं आणि तिथेच आपला विषय ठरवला. सोबत गणित सोडू नकोस, विशेषतः ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायला लागणारं फूरिए यांचं गणित. जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासला मांडलेला प्रथिनाच्या साखळीतल्या कोनांचा नकाशा समजून घे. जगात आजही नवी रचना निघाली, की ती त्या नकाशावर तपासली जाते. तुझंही पहिलं मॉडेल तिथेच तपासलं जाईल.

आणि आज संध्याकाळी एक कर. प्रोटीन डेटा बँक सर्वांना खुली आणि विनामूल्य आहे. तिथे ‘१एचईडब्ल्यू’ ही नोंद उघड. अंड्यातलं लायसोझाइम, खाचेत तीन साखरा. ३५ आणि ५२ क्रमांकाची आम्लं रंगवून घे. साखरा फक्त ए, बी, सी या जागांवर दिसतील. डी, ई, एफ रिकाम्या आहेत. तिथे पुढच्या तीन साखरा तू स्वतः बसवून पाहा. चौथी बसवताना अडचण येईल, ती का येते याचं उत्तर शोध आणि मला लिहून कळव.